कुत्र्याला घेऊन जंगलवाटेवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला रानात न्यायचं ठरलं की लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे. वाचताना एक गोष्ट मनात असू द्या: "दमलो, आता पुरे" असं कुत्रा कधी म्हणत नाही. तुम्ही चालत राहिलात तर कोसळेपर्यंत तो मागे येत राहील. थांबायचं कुठे, हे त्याच्या वतीने तुम्हालाच ठरवावं लागतं.

१. कुठल्याही जंगलात कुत्र्याला नेता येतं का?

नाही. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं यांत पुष्कळ ठिकाणी पाळीव कुत्र्यांना बंदी असते, आणि जिथे परवानगी असते तिथे अटी असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत पट्टा ६ फुटांहून लांब चालत नाही, आणि बऱ्याच उद्यानांत पायवाटांवर कुत्रा नेताच येत नाही. इंग्लंडमध्ये लोकांना फिरायला खुल्या असलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा २ मीटरच्या आतल्या पट्ट्यावर ठेवावा लागतो, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यांवर बसलेले असतात. नियम जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आधी त्या वनक्षेत्राच्या कार्यालयात विचारा. बंदीची पाटी दिसली नाही म्हणजे परवानगी आहे, असं धरून चालू नका.

२. पिल्लू कितव्या महिन्यापासून नेता येईल?

लसींचा पहिला क्रम पूर्ण झाल्यावर छोट्या, सपाट वाटेवर अर्धा तास फिरवायला हरकत नाही. खरी चढ-उतार मात्र हाडांची वाढ पुरी झाल्यावरच. लहान चणीच्या कुत्र्यांची वाढ साधारण वर्षभरात संपते, मोठ्या आणि अवाढव्य जातींना दीड वर्ष किंवा थोडा जास्त वेळ लागतो. तोवर हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग मऊ असतो. खडकावरून उड्या आणि लांब उतार यांनी त्याला झालेली इजा जन्मभर सांध्यात राहू शकते. पिल्लाचा उत्साह बघून अंतर ठरवू नका, उत्साह त्याला नेहमीच असतो.

३. कोणत्या लसी झालेल्या हव्यात?

रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो (हे दोन्ही कुत्र्यांचे विषाणूंमुळे होणारे जीवघेणे आजार) आणि संसर्गजन्य कावीळ या तर हव्यातच. रानात जाणाऱ्या कुत्र्यासाठी लेप्टोस्पायरोसिसची लस मी त्यांच्याइतकीच महत्त्वाची मानते. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतो आणि कुत्र्याचं मूत्रपिंड व यकृत निकामी करू शकतो. माणसालाही तो होतो. पहिल्यांदा या लसीचे दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, पुढे दर वर्षी एक. दुसऱ्या डोसनंतर दोनेक आठवडे जाऊ द्या आणि मग निघा.

लसीकरणाला दुसरीही बाजू आहे. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या रानात डिस्टेंपरची साथ आली आणि तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. हा विषाणू आसपासच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांकडून आला होता. २०१८ साली गीरमध्येही सिंह डिस्टेंपरने दगावले. आपल्या कुत्र्याची लस ही त्या रानातल्या लांडग्या-कोल्ह्यांचीही राखण असते.

४. पहिल्या वेळी किती अंतर ठरवावं?

कुत्रा रोज जेवढं चालतो तेवढंच, तेही चढाच्या वाटेवर. रोज तीन किलोमीटर फिरणाऱ्याला पहिल्याच रविवारी बारा किलोमीटर नेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. वाट शक्यतो जाऊन परत येण्याची निवडा, गोल फेरीची नको. गोल फेरीत अर्ध्यावर कुत्रा दमला तर पुढे आणि मागे अंतर सारखंच उरतं. निघण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा: याने चालायला नकार दिला तर मी याला उचलून खाली आणू शकेन का? तीस किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत उत्तर बहुधा 'नाही' असतं. मग जोडीला कुणीतरी असू द्या आणि पिशवीत एक मजबूत चादर ठेवा, तिची झोळी होते.

५. हार्नेस घालावा की गळपट्टा? आणि पट्टा कोणता?

दोन्ही घाला. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेली चकती, आणि पट्टा अडकवायला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा साज. घसरड्या जागी ओढ बसली तर ती गळ्यावर न येता छातीवर येते, आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस असेल तर दगडावरून कुत्र्याला उचलून घेता येतं. पट्टा साधा, दीड ते दोन मीटरचा. आपोआप लांब होणारा, दोरीचा पट्टा रानात नको. दोरी झुडपात अडकते, हात कापते आणि डबी हातातून सुटली की मागे खडखडत येणाऱ्या आवाजाने कुत्रा आणखी दूर पळतो. कमरेला बांधायचा पट्टा सपाटीवर सोयीचा, पण तीव्र उतारावर सोडून हातात घ्या.

६. वाट रिकामी असते आणि आमचा कुत्रा हाक मारली की येतो. मग पट्टा सोडला तर काय बिघडतं?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि मला सगळ्यांत जास्त कळकळ याच उत्तराची आहे. हाकेला येणं हे घराजवळच्या मैदानात तपासलेलं असतं. समोरून भेकर किंवा ससा उठला की तोच कुत्रा बहिरा होतो. यात त्याचा दोष नाही, पाठलाग त्याच्या रक्तात आहे. आमची भुरी सहा वर्षं हाकेला चुकली नव्हती. एका सकाळी रानकोंबडी फडफडली आणि भुरी उतारावरून दिसेनाशी झाली. चाळीस मिनिटांनी परत आली तेव्हा पोट काट्यांनी फाटलं होतं. त्या चाळीस मिनिटांत मी काय काय कल्पना केल्या, ते आजही आठवतं.

रिकामी वाट आपल्यालाच रिकामी वाटते. सिडनीजवळच्या वनात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्ट्याला बांधलेले कुत्रे नुसते वाटेवरून चालवले, तरी तिथल्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. जमिनीवर राहणारे पक्षी सर्वांत आधी नाहीसे झाले. बांधलेल्या कुत्र्याची ही गोष्ट. मोकळा कुत्रा वाटेच्या दोन्ही बाजूंना खोलवर फिरतो, घरट्यावरून पक्षी उठवतो, आणि उठलेला पक्षी परत येईपर्यंत अंडी थंड होतात किंवा दुसऱ्याच्या तोंडी जातात. म्हणून पट्टा, आणि पट्ट्यासह वाटेच्या मधोमध. त्याला मोकळं पळू द्यायचं असेल तर त्यासाठी जंगलाबाहेर कुंपण असलेली जागा शोधा. पट्टा सोडण्याचे दोनच अपवाद मला मान्य आहेत, ते प्रश्न १५ आणि १६ मध्ये आहेत.

७. रानात सगळेच प्राणी शी करतात. कुत्र्याची का उचलायची?

हरणाची लेंडी म्हणजे त्याच रानातलं गवत परत त्याच रानात. आपल्या कुत्र्याचं खाणं घरून येतं, त्यामुळे तो बाहेरचा नत्र आणि स्फुरद रानात टाकतो. बेल्जियममध्ये घेंट शहराजवळच्या चार राखीव वनांचा हिशेब २०२२ साली मांडला गेला. कुत्र्यांमुळे तिथे दर हेक्टरी वर्षाला सरासरी ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद पडत होतं. अशी माती सुपीक झाली की मोजक्या धटिंगण वनस्पती माजतात आणि नाजूक रानफुलं मागे पडतात.

रोगांचं वेगळंच. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, गोलकृमींची अंडी तर कित्येक वर्षं. तेव्हा पिशवीत उचला आणि ती पिशवी बरोबर परत आणा. "येताना घेऊ" म्हणून फांदीला टांगलेली पिशवी तिथेच राहते, आणि ती न उचलण्यापेक्षाही वाईट. वास येतो ही तक्रार खरी आहे. घट्ट झाकणाचा छोटा डबा या कामासाठीच ठेवा. अनेक दिवसांच्या भटकंतीत वाहून आणणं अशक्यच असेल, आणि तिथल्या नियमात बसत असेल, तर पाणी आणि पायवाट यांपासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करून पुरा.

८. पाणी किती न्यावं? ओढ्याचं चालेल का?

घरी निवांत असताना कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. चढावर आणि उन्हात ते बरंच वाढतं. वीस किलोच्या कुत्र्यासाठी अर्ध्या दिवसाला दीड लिटर मी वेगळं घेते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं द्या, एकदम भांडंभर नको.

वाहत्या ओढ्यात पाय भिजवू द्या, पिऊ द्यायचं शक्यतो टाळा. साचलेलं डबकं तर पूर्ण वर्ज्य, लेप्टोचं कारण प्रश्न ३ मध्ये आलं आहे. पाण्यावर हिरवी-निळी साय किंवा रंगासारखा तवंग दिसला तर त्याला जवळही जाऊ देऊ नका. ते नीलहरित शेवाळ असू शकतं. त्याचं विष काही तासांत जीव घेतं, आणि कुत्रा पाणी प्यायला नाही तरी अंग चाटताना ते पोटात जातं.

९. निघण्याआधी पोटभर खायला घालावं का?

नको. मुख्य जेवण दोन-तीन तास आधी उरकून घ्या. मोठ्या, खोल छातीच्या जातींत भरलेल्या पोटाला पीळ बसण्याचा धोका असतो. पोट फुगलेलं, ओकारीचा उमाळा येतो पण बाहेर काही पडत नाही, जागेवर चैन नाही, असं दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. हे काही तासांत जिवावर बेतणारं दुखणं आहे, शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही. वाटेत त्याचंच रोजचं खाणं मूठमूठ द्या. तुमच्या सुक्या मेव्यातले मनुके आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत, ती पाकिटं त्याच्या नाकाला पोचतील अशा कप्प्यात ठेवू नका.

१०. उष्माघात होतोय हे कसं ओळखायचं आणि काय करायचं?

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, आणि जिभेवरून व श्वासमार्गातून उडणाऱ्या ओलाव्याने गार होतो. हवा दमट असली की ओलावा उडत नाही, म्हणून ढगाळ पण कोंदट दिवशीही उष्माघात होतो. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना लांब चढावर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. लठ्ठ, म्हाताऱ्या आणि काळ्या, दाट केसांच्या कुत्र्यांनाही जपा.

सुरुवातीच्या खुणा साध्या असतात. सावली दिसली की तो आडवा होतो, जीभ टोकाशी रुंद होऊन लोंबते, थांबल्यावर पाच मिनिटांतही धाप कमी होत नाही. त्या वेळी फिरती संपली असं समजा. पुढच्या खुणा: चिकट जाड लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, ओकारी, हगवण. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या वर गेलं की आतले अवयव जखमी व्हायला लागतात.

अशा वेळी आधी गार करा, मग दवाखाना गाठा. सावलीत न्या, हाताशी असेल ते पाणी सगळ्या अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत ओता, आणि टोपीने, नकाशाने, मिळेल त्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडं पाणी चाटू द्या, तोंडात बळेच ओतू नका. सावरल्यासारखा दिसला तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. मूत्रपिंडाची इजा एक-दोन दिवसांनी उघड होते.

११. पंजांना बूट घालावेत का?

धारदार खडक, तापलेला कातळ किंवा बर्फ असेल तर हो, नाहीतर सवय झालेल्या पंजांना गरज नाही. हाताची पालथी बाजू कातळावर ठेवा. सात सेकंद ठेवता आली नाही तर तो कातळ कुत्र्यालाही भाजतो. बूट घ्यायचेच असतील तर आठवडाभर घरात घालून सवय करा. गादी सोलवटली तर पाण्याने धुवा, जाळीची पट्टी गुंडाळा, वर मोजा चढवा आणि परत फिरा.

१२. गोचीड दिसली तर कशी काढायची? आणि जळू?

बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीला अगदी लागून धरा आणि एका दमात सरळ वर ओढा. पिळू नका, चिरडू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काही लावू नका. त्रास झालेली गोचीड पोटातला ऐवज जखमेत ओकते, आणि रोगाचे जंतू त्यातच असतात. काही जंतू काही तासांतच रक्तात उतरतात, म्हणून तपासणी वाटेवरच करा, घरी जाऊन करू म्हणू नका. कानाच्या आत, पापण्यांवर, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली बघा. प्रतिबंधाचं औषध पशुवैद्याकडून आधीच घ्या. घरात मांजर असेल तर तसं सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

जळू खेचू नका. नख कातडीला टेकवून तिच्या बारीक टोकाखाली सरकवा, मग दुसऱ्या टोकाखाली. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरू नका. पण ओढ्याचं पाणी प्यायल्यावर काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल आणि कुत्रा शिंकत असेल, तर नाकात जळू शिरलेली असू शकते. ती पशुवैद्यालाच काढू द्या.

१३. कुसळांची एवढी भीती का बाळगायची?

कारण कुसळाचे काटे एकाच दिशेने असतात. ते पुढे सरकतं, मागे येत नाही. बेचक्यात शिरलेलं कुसळ पायातून वर चढतं आणि आत पू होतो. कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं, नाकातून फुप्फुसापर्यंत गेल्याचीही उदाहरणं आहेत. वाळलेल्या गवताच्या दिवसांत लांब केसांच्या कुत्र्याच्या बोटांमधले केस कापून घ्या. फिरून आल्यावर तो एकसारखा पंजा चाटत असेल, डोकं एका बाजूला झुकवून झटकत असेल किंवा लागोपाठ शिंकत असेल, तर उद्यावर टाकू नका.

१४. साप चावला तर?

आवळून दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. गळपट्टा सैल करा, कारण चेहऱ्यावर दंश झाला की सूज भराभर गळ्याकडे पसरते. कुत्र्याला चालू देऊ नका, उचलून आणा. प्रतिविष असलेला दवाखाना कुठे आहे हे निघण्याआधीच फोन करून विचारून ठेवलेलं असावं, सगळ्या पशुवैद्यांकडे ते नसतं. साप शोधून मारण्यात वेळ गेला तर तुम्हालाही दंश व्हायचा. वेदना कमी व्हाव्यात म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, ती कुत्र्याला विषारी आहेत. ही मनाई सगळ्याच दुखण्यांना लागू आहे.

बेडूक तोंडात धरून फेसाळलेल्या कुत्र्याचं तोंड बाजूला वळवून, पाणी घशात न जाता बाहेर पडेल असं दहा मिनिटं धुवा. झटके आले तर दवाखाना.

१५. जंगली जनावर समोर आलं तर कुत्रा सोडायचा की धरायचा?

धरायचा, अगदी आखूड. मोकळा कुत्रा अस्वलावर किंवा रानडुकरावर धावतो आणि मग चवताळलेलं जनावर मागे घेऊन तुमच्याकडेच पळत येतो. पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. जिथे बिबट्या आहे तिथे पहाटे आणि तिन्हीसांजेला कुत्रा घेऊन फिरूच नका, कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे.

याला अपवाद गुरांचा. चरणाऱ्या गाई, विशेषतः वासरू जवळ असलेल्या, कुत्र्याला धोका समजून अंगावर येतात. आधी लांबून वळसा घ्या. तरीही कळप धावून आलाच तर पट्टा सोडून द्या. राग कुत्र्यावर असतो आणि तो त्यांच्याहून चपळ असतो. पट्टा धरून राहिलेला माणूस मात्र तुडवला जातो.

१६. मधमाश्या उठल्या तर?

दुसरा अपवाद हा. जमेल तितक्या वेगाने कुत्र्याला घेऊन पळा, पाण्यात उडी मारू नका. तो अडकला आणि तुमचा जीव धोक्यात आला तर पट्टा सोडा, त्याला पळता येऊ द्या. नंतर नांग्या खरवडून काढा. चेहरा सुजला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा दंश खूप असतील तर लगेच उपचार हवेत.

१७. कुत्रा हरवला. मायक्रोचिप आहे, तिच्यावरून सापडेल ना?

कातडीखाली बसवलेली ही चिप जागा सांगत नाही. तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो आणि तो कुणी यंत्राने वाचला तरच कळतो. नोंदीतला फोन नंबर जुना असेल तर त्याचाही उपयोग नाही. जागा हवी असेल तर जीपीएसचा गळपट्टा वेगळा घ्यावा लागतो, आणि दाट रानात, मोबाइलची रेंज नसलेल्या दरीत अनेक गळपट्टे गप्प बसतात.

हरवला त्या जागी निदान एक माणूस थांबवा. बहुतेक कुत्रे आल्या वासाने तिथेच परत येतात. अंधार पडला आणि निघणं भाग पडलं तर अंगातला घामेजलेला सदरा आणि थोडं पाणी तिथे ठेवा, सकाळी पुन्हा या. तो दिसला तर पाठलाग नको. घाबरलेला कुत्रा मालकापासूनही पळतो. जमिनीवर बसा, तोंड किंचित फिरवा, हलक्या आवाजात बोलत राहा.

१८. कुत्री माजावर आहे, नेली तर चालेल?

नको. गावकुसाच्या कुत्र्यांचा लोंढा मागे लागतो, आणि लांडगे असलेल्या रानात तर मुळीच नको.

१९. ओढ्यात पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपूट लुळी पडली. मोडली का?

बहुधा नाही. गार पाण्यात पोहणं किंवा एकदम जास्त श्रम झाले की शेपटीच्या बुडाचे स्नायू दुखावतात. शेपूट थोडी आडवी येऊन मग खाली लोंबते आणि कुत्र्याला बसायला त्रास होतो. विश्रांतीने काही दिवसांत ती हलायला लागते. तरी मार, मणक्याची इजा वगैरे नाही ना, हे एकदा तपासून घ्या.

२०. फिरून आलो त्याला दोन आठवडे झाले. आता ताप आलाय. संबंध असेल का?

असू शकतो. गोचिडीतून येणारा एर्लिकियाचा ताप साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, लेप्टो त्याच्या आतच बऱ्याचदा. खाणं सुटणं, हिरड्या फिकट होणं, नाकातून रक्त, गडद पिवळी लघवी यांपैकी काहीही दिसलं तर रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना रानात गेल्याची तारीख, पाणी कुठलं प्यायला आणि किती गोचिडी काढल्या ते सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. मी प्रत्येक फिरतीनंतर या तीन गोष्टी कॅलेंडरवर लिहून ठेवते.